वरच्या कुरणातला फोन

विनी : हळू बोल. वॉर्डात शेजारच्या खाटेवरची बाई आत्ताच झोपलीये. कुठे आहेस?

लँटी : वरच्या कुरणात, दगडी भिंतीला टेकून. तुला मेंढ्या ऐकवायलाच चढलो. पण आज माझंही ऐक. ही फोन कंपनी सोडतोय मी.

विनी : एप्रिल आला वाटतं.

लँटी : आला! करार दोन वर्षांचा, आणि दर एप्रिलला भाव मधेच वाढवतात. सही करून मी बांधला गेलो, ते मात्र मोकळे! सोडायचं तर वर दंडही मीच भरायचा. बाजारात मेंढी विकून झाल्यावर कुणी घरी येऊन म्हणालं असतं, "आणखी दोन पौंड काढ," तर ओढ्यात बुचकळलं असतं त्याला.

विनी : करारात लिहिलं असेल की.

लँटी : लिहिलेलं कोण वाचतो? पेनरिथला फोनच्या दुकानात विकणाऱ्या पोराच्या हातावर हात मारला मी! हात मारला की भाव ठरला. बापजाद्यांपासून असंच चालत आलंय.

विनी : अरे म्हाताऱ्या, त्याला वाटलं तू निरोप घेतोयस.

लँटी : मी थांबलोसुद्धा होतो. म्हटलं, आता शकुनाचं नाणं परत देईल. सौदा झाला की घेतलेल्या पैशातलं एक विकणाऱ्यानं द्यायचंच असतं.

विनी : हात पसरून?

लँटी : हो! तर म्हणतो, "आणखी काही हवंय का आजोबा?"

विनी : हसवू नकोस, धाप लागते मला... लँटी, तुझा फोन आला ना, की या भिंती हळूच बाजूला होतात. पांघरूण दवानं ओलं लागतं. काल नर्सला म्हटलं, फाटक लाव, मेंढ्या बाहेर जातील. तिनं बिचारीनं दार लावलं.

लँटी : ...दुसरी कंपनी स्वस्त आहे. फक्त तिची रेंज गावापुरती. इथे वर नाही.

विनी : म्हणजे घरातून फोन करशील.

लँटी : करीन ना. रोज.

विनी : मेंढ्यांऐवजी घड्याळ ऐकवशील.

लँटी : चिडलीस?

विनी : नाही रे. तुझं खरंच आहे. लबाडीच आहे ती.

लँटी : दरोडा आहे! आधी लिहून दिला म्हणून दरोडा सभ्य होतो का? त्यांना पक्कं ठाऊक आहे, हा म्हातारा जाणार कुठे? या डोंगरावर फोनचा मनोरा त्यांचा एकट्याचा. अडलेल्याला पिळायचं आणि वर "प्रिय ग्राहक" म्हणायचं! विनी? ...विनी, झोपलीस?

विनी : अं? नाही. तुझ्या मागे एक मेंढी पिल्लाला हाका मारत होती. तिच्याबरोबर गेले होते जरा.

लँटी : ...भरतो मी. वाढीव भरतो. पण दर महिन्याला शिव्या देऊन भरणार, सांगून ठेवतो.

विनी : दे हो, पोटभर दे. पण आत्ता गप्प बस, आणि फोन थोडा खाली धर. कोकरू पितंय वाटतं.