कुंपणाशेजारची गाडी

(ऑस्ट्रेलियातलं एक गाव. हाताने झेलून पायाने मारायच्या तिथल्या फुटबॉलचं मैदान, शनिवारची दुपार. कुंपणाला नाक लावून उभ्या असलेल्या जुन्या गाडीत क्लेम आणि त्याची मुलगी रियान.)

क्लेम : हात हलवू नकोस.

रियान : मी नाही हलवत, बाबा. तूच पट्टी खेचतोयस.

क्लेम : मला मेंढीच्या पायाला पट्टी बांधायची सवय. माणसाचं मनगट बारीक पडतं.

रियान : मेंढी तक्रार करत नसेल.

क्लेम : आणि टोमणेही मारत नाही. मेलबर्नच्या क्लबात फिजिओ होता ना? तोच बांधायचा ना हे?

रियान : बाकी सगळं तो बांधायचा. शेवटचा वेढा आईचा. सामन्याआधी मी कुंपणापाशी जायचे आणि ती वाकून बांधायची.

क्लेम : माहितीय. मी नेरिडाच्या मागे थर्मास धरून उभा असायचो.

रियान : मग पट्टीवर लिहायची.

क्लेम : हां, पेन असायचं तिच्याकडे. काय लिहायची? मला वाटायचं, देवाचं काहीतरी असेल. कधी विचारलं नाही.

रियान : दूध.

क्लेम : काय?

रियान : दूध असं लिहायची. मी बारा वर्षांची होते, इथेच मुलांच्या संघात खेळत होते. येताना दूध आणायला सांगायचं होतं आणि तिच्याकडे कागद नव्हता. म्हणून पट्टीवर लिहिलं. मग दर वेळी तेच. म्हणायची, जिंकलीस काय, आपटलीस काय, शेवटी दूध घेऊन घरीच यायचंय.

क्लेम : म्हणून तू घरी आलीस की फ्रिजमध्ये दोन-दोन बाटल्या असायच्या.

रियान : म्हणूनच.

क्लेम : मला वाटायचं नेरिडा विसराळू झालीय. दुकानातून परत परत आणते. तिला वाईट वाटू नये म्हणून मी गुपचूप जास्तीचा चहा प्यायलो. इतकी वर्षं.

रियान : ती मला म्हणायची, तुझ्या बापाला चहाचं वेड लागलंय.

क्लेम : असं म्हणायची?

रियान : अगदी असंच. आई गेल्यावर, गेल्या हंगामात पट्टी कोरीच होती.

क्लेम : टीव्हीवर बघायचो मी तुला. प्रत्येक सामना.

रियान : आला मात्र एकदाही नाहीस.

क्लेम : शेजारची सीट रिकामी ठेवून चार तास गाडी हाकायची. नाही जमलं, पोरी. आज इथवर आलो तेही पाचशे मीटर आहे म्हणून.

रियान : रागावले नाहीये मी. बाबा, क्लबने आणखी एका वर्षाचा करार देऊ केला होता.

क्लेम : बत्तिसाव्या वर्षी? दोन्ही गुडघे उघडून शिवलेले असताना? शहाणी माणसं आहेत. सही कधी करायची?

रियान : काल कळवलं त्यांना. नको म्हणून.

क्लेम : का?

रियान : गुडघा.

क्लेम : गुडघा दुखत असला की तू खूप बडबडतेस. आज एका शब्दात आटोपलंस. माझ्यासाठी सोडत असशील तर सोमवारी फोन कर आणि हो म्हण.

रियान : बाबा...

क्लेम : थांब. चौदाव्या वर्षी तुला मुलगी म्हणून मुलांच्या संघातून काढलं. पुढे मुलींचा संघच नव्हता. नेरिडा कमिटीच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. मग तुमची बायकांची लीग निघाली, तर तू दिवसभर लोकांच्या घरी विजेच्या वायरी ओढायचीस आणि संध्याकाळी सरावाला जायचीस. ते सगळं माझ्या ताटापायी सोडायचं नाही.

रियान : तुझ्या ताटात असतं काय? डब्यातले बीन्स.

क्लेम : बीन्सना नावं ठेवू नकोस. खरं सांग.

रियान : शेवटच्या सामन्यात चेंडू थेट माझ्याकडे येत होता. सोपा होता. मी कुंपणाकडे बघितलं, आई बघतेय का म्हणून. चेंडू डोक्यावरून गेला.

क्लेम : तो मी बघितला. म्हटलं, ऊन डोळ्यांवर आलं असेल.

रियान : ऊन नव्हतं. नऊ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मला खेळायचंय, बाबा. पण जिथून आपलं माणूस दिसतं तिथे. तुझ्यासाठी काही सोडलं नाही मी. मलाच घरी यायचं होतं.

क्लेम : पेन दे.

रियान : दूध लिहितोयस?

क्लेम : दूध आहे घरात. हलवू नकोस म्हटलं ना.

रियान : हे काय लिहिलंयस? वाचता येत नाही.

क्लेम : अंडी. संपलीत.

रियान : सहा की बारा?

क्लेम : बारा आण. आता दोघं आहोत. जा, तुझ्या इथल्या संघातल्या पोरी हात करतायत तुला.

रियान : आणि गोल झाला तर हॉर्न वाजवशील? सगळ्या गाड्या वाजवतात. आपलीच गप्प नको.

क्लेम : वाजवीन की.

रियान : आई तर गोल हुकून चेंडू बाजूच्या खांबांतून गेला, सहाऐवजी नुसता एक गुण मिळाला, तरी वाजवायची.

क्लेम : अख्खं मैदान हसायचं. मी सीटवरून खाली सरकून बसायचो. म्हणायचो, अगं, हा गोल नाही. तर म्हणायची, पोरीने मारला ना?

रियान : मग? तू फक्त गोलालाच वाजवणार?

क्लेम : दार नीट लाव जाताना. एका गुणालाही वाजवीन.