चिपमधलं कुंकू

—मशीन दाखवतो हो, पळून नाही जात कुठं. बसा आधी, चहा घ्या. पुण्याहून आलात, स्टेशनपासून रिक्षावाल्यानं खड्ड्याखड्ड्यांतून आणलं असणार, आणि आल्या आल्या काय, तर मशीन चालवून दाखवा — दाखवतो. तुमच्या वीजमीटरातली चिप पाच वर्षं या कोंडाजीच्या कारखान्यात बनतेय, आज काय नवीन आहे? आतला नाजूक तुकडा तैवानहून येतो, कबूल. पण त्याला केसाहून बारीक सोन्याची तार टाचायची, वर काळं प्लास्टिक ओतायचं — ते अंबरनाथमध्ये आपण करतो. चीनवाले निम्म्या भावात देतात म्हणता? देऊ द्या. कात्रपची बापाची जमीन बिल्डरला देऊन ही शेड घेतलीय मी, चीनच्या बापाला घाबरत नाही. तुमची ऑर्डर तेवढी राहू द्या. ती गेली तर गेट बंद करावं लागेल साहेब, सरळ सांगतो — चाळीस बायका आहेत आत, एकेकीची चूल याच्यावर पेटते.

आता तो परत आलेला माल. पत्रात लिहिलं होतं ना मी? इंजिनियरची चूक, सम्यक नाव त्याचं, काढून टाकला, विषय संपला. — कसली चूक म्हणजे? हे बघा, गेल्या वर्षी, दोन हजार चारला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, अवजारांची पूजा असते आमच्यात. तुमच्यातही असेल. नांगर होता तेव्हा नांगराची केली, आता मशीन आहे तर मशीनची नको? गेलो आत काचेच्या खोलीत, हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, नारळही तिथंच फोडला. मीच. तर हा आडवा आला — शेठ, इथं बायकांना पावडर लावून यायला बंदी आहे, आणि तुम्ही कुंकू उधळताय? चाळीस बायकांसमोर! मी म्हटलं, तुमच्यात नसतील करत, आमच्यात करतात. हसल्या काहीजणी. तो बाजूला झाला. — मग चूक त्याचीच ना? धरायचा होता माझा हात!

तुमचं खोकं परत आलं. कोकणातले मीटर बंद पडले, दमट हवेनं तारा सुटल्या. त्यानं अ‍ॅसिड टाकून एक चिप उघडली, मायक्रोस्कोपखाली ठेवली, म्हणाला, बघा शेठ. तार टाचली तिथं, खाली लाल ठिपका. मोठ्यानं नाही बोलला, पण बायका ऐकत होत्या — डोकंच फिरलं माझं. हाताला पाना लागला, चांगला वजनदार. पहिला खांद्यावर घातला. तर म्हणतो, शेठ, मशीनला लागेल. ऐका — मशीनला! उजवा पंजा मशीनवर ठेवला होता त्यानं, झाकल्यासारखा. मी त्या पंज्यावरच घातला. परत घातला. हाडं वाजली, सुपारी फुटते तशी. आमची सगळ्यांत जुनी बाई, बनूबाई, मधे पडली, तिला ढकलली ती टेबलाच्या कडेवर, दोन दात गेले तिचे. पांढऱ्या फरशीवर रक्तच रक्त, पाय घसरत होता माझा, तरी मी मारत होतो. आणि खरं सांगू? बरं वाटत होतं. — तुम्ही चहा नाही घेतलात.

केस? झालीय ना. जामिनावर आहे. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप आला, शिवराम, ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेला. म्हटलं, हा शिव्या देणार — मी बाह्या सरसावून उभा. त्यानं दाराबाहेर राहिलेल्या पोराच्या चपला उचलल्या, पिशवीत घातल्या, गेला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यालाही हाणला असता मी, पण हाणायला काहीतरी बोलायला तर पाहिजे ना माणूस!

हो, हो, मशीन! या. जुनं आहे, बंद पडलेल्या कंपनीच्या लिलावातून घेतलेलं. सुई किती दाबायची ते सम्यकच्या बोटांना कळायचं, पुस्तकात नाही कुठं. हे केलं चालू — तुटली तार. होतं असं. परत — तुटली. दोन महिने तुटतेय! रोज तुटतेय, साली! — दचकता काय, लाथ मशीनला मारली, तुम्हाला नाही मारली.

वही कशाला काढली? सम्यकचा पत्ता? त्याला पुण्याला नेणार तुम्ही, चिप तिथंच बनवायला? अहो, बोटं वळत नाहीत त्याची, कोर्टात बघितलीत मी. — डोकं शाबूत आहे म्हणता. बोटं दुसऱ्यांची चालतील, तो शिकवेल. वा! म्हणजे ऑर्डरही गेली, माणूसही गेला. नाही देत पत्ता, जा! — उल्हासनगरला राहतो. कॅम्प चार. का पाच — थांबा. सात वर्षं राबला इथं. माझ्या पोरीच्या लग्नात पंगती वाढल्या त्यानं. दर भीमजयंतीला बोलवायचा घरी, शेठ, या, आई वाट बघते. मी हो म्हणायचो.

नाही माहीत मला. कधी गेलोच नाही. निघा तुम्ही.