कागदवालं पिल्लू

आता मी चहा पीत निवांत सांगतोय, पण तेव्हा चहा प्यायचीबी शुद्ध नव्हती. गडहिंग्लजला माझ्या साडूच्या कुत्रीला पिल्लं झालती. "आईसकट बघून न्या की," म्हणत होता. पण माझा हट्ट, नोंदणीचा कागद असलेलंच कुत्रं पाहिजे. म्हणून उचगावच्या एका माणसाकडनं लॅब्राडोरचं पिल्लू आणलं.

तिसऱ्या दिवशी ते खाईना. उलट्या झाल्या, मग जुलाबातनं रक्त पडाय लागलं. बायकोनं, सुनीतानं, त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि आम्ही दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी विचारलं, "लस दिलीया काय?"

मी घाईघाईनं कागद पुढं केला. त्यांनी तो सगळा वाचला.

"ह्यात आज्जा-पणज्याची नावं हायत की. लशीचं कुठाय?"

मी तिथनंच विकणाऱ्याला फोन लावला. तो गार आवाजात म्हणाला, "घाबरू नका साहेब. मेलं तर दुसरं देतो, ह्याच्याहून चांगल्या रक्ताचं."

सुनीतानं फोन हिसकावून घेतला. "मिक्सर हाय व्हय ते, बदलून द्यायला?"

चार दिवस सलाईन चाललं. पिल्लू दवाखान्यातच होतं; फोन वाजला की आम्ही दोघंबी धावायचो. पाचव्या दिवशी सकाळी त्यानं माझ्या बोटावरची पेज चाटली.

डॉक्टर म्हणाले, "वाचलं. केसपेपरवर नाव काय लिहू?"

तोवर नाव ठेवायचा धीरच कुणाला झाला नव्हता. सुनीता डोळे पुसत म्हणाली, "बाळ्या लिहा."