नक्षी तिथंच होती

—असू दे, पिशवीतून काढूच नकोस. डावा कोपरा फुटलाय ना? मग माहीत आहे मला ते जुनं कॉम्प्युटरचं मशीन. बाप जिन्यावरून पडला, तेव्हा हातात होतं, असं सांगितलं त्यानं तुला? बघ की चारी बाजूंनी, या दुकानाला जिना आहे का कुठं? धाकटा भाऊ माझा तो. त्या स्टुलावर बसू नकोस, मोडकं आहे.

त्या मशीनला एक खोड आहे, पोरी. कंपनीचा कायमचा मजकूर एका चिपमध्ये—रॉम म्हणतात—तिच्यातल्या प्रत्येक जागेला नंबर—आणि नेमक्या त्याच नंबरांवर, तिच्या खाली, मोकळी जागा. लिहिलंस तर गुपचूप खाली जातं; वाचायला गेलीस तर वरचं कंपनीचंच दिसतं. आधी वरचं बाजूला सारावं लागतं. मला हे ठाऊक होतं? कप्पाळ! मी चौथी नापास, तारांना डाख देण्यापुरता. शिकलेला तो. गालिच्याच्या गिरणीसाठी आठ महिने खपून नक्षी रचली त्यानं—जागा पुरेना म्हणून त्या खालच्या जागेत कोंबली. नक्षी उतरवून ठेवायची कॅसेट टेपरेकॉर्डरनं चावलेली, म्हणून तीन दिवस मशीन बंदच केलं नव्हतं. गिरणीवाला दुपारी यायचा होता. मी म्हटलं, दाखव. त्यानं नंबर सांगितला. मी वाचलं—सगळं कंपनीचं! म्हटलं, विकलीस ना दुसऱ्याला? तर हसला. हसला गं तो! म्हणाला, "दादा, असं नाही दिसत ते, थांब."

थांबतोय कशाला? वायरीसकट उपसलं मशीन आणि हाणलं. एकदा—एकदा कसलं, तीनदा. पहिल्यांदा त्यानं हात आडवा घातला, बोटं मोडली. मग हात नव्हताच मध्ये. बटणं फरशीवर दातांसारखी पसरली, आणि त्यात एक दात खराच होता. मी तोही केरात लोटला. वायर निघाली की खालचं सगळं पुसलं जातं, हे सात वर्षांनी कळलं, दुसऱ्याच कुणाचं असलंच मशीन उघडलं तेव्हा. म्हणजे मी हात उचलेपर्यंत नक्षी तिथंच होती. त्यानं नाही घालवली, मी घालवली.

आत काही उरलंय का म्हणतेस? काही नाही. मग त्यानं पाठवलं कशाला? स्वतःला पाय नाहीत? ... बाहेर आहे? त्या खांबाशी, पाठ करून, तो म्हातारा? एवढा म्हातारा?

मशीन राहू दे इथं. जा, घेऊन ये त्याला. आणि मागून हाका मारत बसू नकोस, उजव्या बाजूनं जा—डाव्या कानातून तेव्हा फार रक्त... बघतेस काय? जा म्हटलं ना.