आधी कावळा, मग फौज

अहो, देशद्रोही कुणाला बोलता? मला? ह्या तुळशीरामला? भिवंडीजवळ पडघ्याच्या नाक्यावर बावीस वर्षं खानावळ चालवतो मी, ट्रकवाले, एसटीवाले, लूमवाले, सगळे जेवून गेले, कुणी भात मागितला आणि मी न्हाय बोललो असं झालंय कधी? एकदाच झालं, आणि तेही नेमकं फौजींच्या बाबतीत! सगळी भिवंडी ओरडली, जवानांना न्हाय बोललाच कसा? पण का न्हाय बोललो, हे कुणी विचारलं?

तुम्हाला सांगतो, त्या दिवशी पितृपक्षातली अविधवा नवमी होती. आमची राही, म्हणजे माझी बायको, जाऊन दीड वर्ष झालं, वर्षश्राद्धानंतरचं हे तिचं पहिलंच पान. खीर, वडे, भोपळा, सगळं मी एकट्यानं रांधलं. वडे जरा दगड झाले, ते तिलाच जमायचे... असो. पान कौलावर ठेवलं. घराची आणि खानावळीची चूल एकच, आणि कावळा शिवल्याबिगर त्या चुलीवरचा घास कुणाच्या तोंडात जायचा न्हाय, ही आमची रीत. बारा वाजले, एक वाजला, कावळा न्हाय! एरवी उष्ट्यावर पन्नास टपलेले असतात! मी हात जोडले, राही, तंबाखू सोडतो. न्हाय. तुझ्या भावाशी बोलतो. न्हाय. बरं, गळकी कौलं बदलतो... छे!

तेवढ्यात नाशिककडून मिलिटरीचा ट्रक आला. दहा जवान उतरले, पुढं मिशीवाला हवालदार. "चाचा, खाना लगाओ." मी बोललो, "अभी नहीं मिलेगा. पहले वो खाएगी." "कौन?" "मेरी बायको." "किधर है?" मी कौलाकडं बोट केलं, "आने का टाइम हो गया, पर रूठी है." दहाच्या दहा जवान वर बघायला लागले! हवालदारानं पान बघितलं, मला बघितलं, हळूच बोलला, "चलो रे." गेले. उपाशी! माझ्या राहीनं दारातनं कुत्रंसुद्धा उपाशी जाऊ दिलं न्हाय हो...

समोर हितेशचं मोबाइलचं दुकान. तो केबलवर बातम्या पण देतो. संध्याकाळी टीव्हीवर माझं तोंड, खाली पट्टी, 'जवानांना जेवण नाकारलं!' मग काय, चर्चा! एक बोलतो, "असल्याची खानावळ बंद करा!" वकील बोलतो, "धंदा त्याचा, गिऱ्हाईक निवडायचा हक्क त्याचा!" अरे बाबा, मी कुठं हक्क मागितला? मी कावळा मागत होतो! मोर्चा आला, पार खारबावची माणसं. माझ्याच बाकावर बसून माझ्याच नावानं मुर्दाबाद, आणि मध्येच, "काका, पाणी द्या ना." दिलं! खोटं कशाला बोलू, दीड वर्षात खानावळीत कुणी एवढा वेळ बसलंच नव्हतं. बरं वाटलं. पण का न्हाय बोललास, तुळशीराम? एकानं तरी विचारलं?

रोज नवं पान ठेवत होतो, तेच दगडाचे वडे, कावळा न्हाय, म्हणून गिऱ्हाइकालाही घास न्हाय. चौथ्या दिवशी तोच ट्रक परत! हितेश कॅमेरा घेऊन धावला. हवालदार उतरला आणि पहिला सवाल काय? "चाचा, वो आयी?"

अहो, अख्ख्या भिवंडीत एकानं विचारलं, आणि तो भिवंडीचाच न्हाय! मी बोललो, "नहीं आयी साब. आप बैठो, मैं लगाता हूँ." तर बोलतो, "वो नहीं आयी, तो हम कैसे खाएँ?" घ्या! आता फौजच मला न्हाय बोलली! हितेश कॅमेऱ्यात ओरडतो, 'जवानांचा खानावळीवर बहिष्कार!'

पान परत वाढलं, हवालदारानं स्वतः कौलावर ठेवलं. दहा जवान उपाशी, रांगेत उभे. तो विचारतो, "चाचा, साथ में कब खाया था आखिरी बार?" साथ में? कधीच न्हाय! वीस वर्षं ती बोलायची, "अवो, एकदा तरी माझ्याबरोबर बसून जेवा की!" आणि मी, गिऱ्हाईक हाय, गिऱ्हाईक हाय, करत उभ्यानंच घास कोंबायचो. मी तिथंच बाकावर बसलो, वर बघितलं, बोललो, "राही, आजपासून बसून जेवीन." तोंडातनं शब्द निघायची खोटी, कावळा! आणि उचलला काय, तर तो दगडासारखा वडाच!

सगळे जेवले, मला मध्ये बसवून जेवले. मग गेले. हितेशनं ते दाखवलंच न्हाय, बोलतो, "काका, ह्यात वाद कुठाय?" मोर्चा संपला, वकील संपला. शब्द दिलाय म्हणून आता रोज दुपारी बसून जेवतो. पण तुम्हाला सांगतो, उभ्यानं खाताना काय कळत न्हाय हो, घाई असते. बसलं की समोरचा रिकामा बाक दिसतो...

पुढच्या नवमीला परत कुणा फौजीला न्हाय बोलू का? मोर्चा तरी येईल! न्हाय, न्हाय, गंमत केली. तुम्ही उठलात का? बसा की जरा, भात गरम हाय. का बसा बोलतो... ते न्हाय विचारलंत तरी चालेल.