स्वयंपाकघराचं दार

स्वयंपाकघराचं काढलेलं दार मी परत का बसवलं, ते ऐका. परदेशातून शिकून कोथरूडला परतलो आणि आल्या आल्या जाहीर केलं, "आई, स्वयंपाक करणाऱ्या बाईला दाराआड ठेवायचं, हे मला मान्य नाही. आपण ओपन किचन करू!" भिंत पाडण्याइतके पैसे नव्हते, म्हणून नुसतं दार काढलं.

"अरे, पाहुणे आले की लागतं मला ते," आई म्हणाली. मी तिलाच समानतेवर ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या. पाणी आणायला आत आलेली आई सवयीने पुटपुटली, "आता जेवल्याशिवाय उठायच्या नाहीत या!"

हॉलमधून काकूंचा आवाज आला, "उठतेय हो! पण ते दार तेवढं परत बसवा. आमच्याकडेही आहे. तुम्ही आलात की फार उपयोगी पडतं."