बेचाळीस जणांची मंजुरी

हसू नका, पण भामरागडकडच्या एका ग्रामसभेत माझी चांगलीच फजिती झाली होती. गावचा हातपंप बंद, बाया नदीवरून पाणी आणत होत्या, आणि दुरुस्तीचा कागदी अर्ज कुठल्या टेबलावर पडलाय हे कोणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून मी, गावचा ग्रामसेवक, मोठ्या उत्साहानं नवं सॉफ्टवेअर मोबाईलवर दाखवलं. त्यात अर्ज आपोआप पुढच्या टेबलावर जातो आणि अडला तर कोणाकडे अडला तेही दिसतं.

"दुरुस्तीच्या ठरावाला सभेनं हो म्हटलंय ना? मग मी इथे 'मंजूर' दाबतो, झालं!"

म्हातारे पांडूभाऊ मघापासून मोबाईलकडे संशयानं बघत होते. "ठराव साऱ्या गावाचा, मंग बटन तू एकट्यानं काऊन दाबतं?"

मोबाईल हातोहात फिरला. बेचाळीस जणांनी बटण दाबलं. माझ्याकडे परत आला तेव्हा पडद्यावर 'नामंजूर'! तेच बटण पुन्हा दाबलं की मंजुरी रद्द होते, म्हणजे प्रत्येक दुसरा माणूस आधीच्याची मंजुरी खोडतो, हे सांगायचं मी घाईत विसरलो होतो.

"काही नाही, मी एकदा दाबतो, लगेच मंजूर होईल."

पांडूभाऊंनी मोबाईल काढून घेतला आणि सरळ आपल्या बंडीच्या खिशात टाकला.

"म्हंजे साऱ्या गावानं नाई म्हटलं, तरी तू एकटा हो करू शकतं?"